झाकणाआडचे बारा शब्द

घड्याळजींना माणसं लक्षात राहत नाहीत. समोरचा जन्माचा शेजारी असला तरी ते आधी त्याच्या मनगटाकडे बघतात आणि मगच म्हणतात, "अरे, तू होय!" लेकीच्या लग्नाच्या बोलणीत त्यांनी व्याह्यांना दोनदा नाव विचारलं, पण व्याह्यांच्या घड्याळाच्या काचेचा खालचा टवका उडालाय हे मात्र पहिल्या भेटीतच सांगून टाकलं. बायकोने तेव्हा कपाळावर हात मारला होता. तो हात अजून तिथेच आहे, असं ती म्हणते.

दुकान म्हणाल तर एक टेबल, एक दिवा, दोन खुर्च्या आणि चौदा खण. दुसऱ्या खुर्चीवर रोज अकरा वाजता निवृत्त कॅशियरसाहेब येऊन बसतात. बेचाळीस वर्षं घड्याळजी त्याच टेबलाशी डाव्या डोळ्याला भिंग लावून बसलेत, आणि बेचाळीस वर्षं त्यांनी तीन नियम पाळलेत. पहिला, पावती घेऊन येईल त्याला घड्याळ द्यायचं, उद्या येवो की दहा वर्षांनी येवो, आणि एवढे दिवस कुठे होतात असं विचारायचं नाही. दुसरा, कुणी न्यायला आलं नाही म्हणून घड्याळ विकायचं नाही. अशी एकतीस घड्याळं सगळ्यात खालच्या खणात झोपलेली. तिसरा नियम सगळ्याच घड्याळजींचा असतो. झाकण उघडलं की त्याच्या आतल्या बाजूला सुईने बारीक खूण आणि तारीख कोरायची. पुढे कुणी उघडलं तर त्याला कळतं, आधी इथे कुणाचा हात फिरलाय. ती खूण दुसरा कधी खोडत नाही.

नियम सोन्यासारखे. त्याच नियमांनी पुढे म्हाताऱ्याची झोप उडवली, ते आता ऐका.

घड्याळजींना एकच लेक. ती नर्स आहे. जावई लग्नानंतर पाचव्या वर्षी निघून गेला तो गेलाच. त्याच्याबद्दल त्या घरात कुणी बोलत नाही, आपणही नको. पदरात तीन वर्षांची पोर, म्हणून लेकीने परदेशातल्या दवाखान्याची चार वर्षांची नोकरी धरली आणि पोरीला आजी-आजोबांकडे ठेवलं. पोर एका जागी उभी म्हणून राहत नाही, तेव्हा तिचं नाव पडलं भिंगरी. भिंगरीची आई म्हणजे फोनमधली आई. रोज सकाळी शाळेआधी दहा मिनिटं भिंगरी फोनला पडलेले दात दाखवायची, पाढे म्हणायची आणि आई रडायला लागली की "नेटवर्क गेलं वाटतं" म्हणायची. पोर लहान, पण समज मोठी.

लेकीची पहिल्या वर्षाची कमाई तिला तिकडे पाठवणाऱ्या दलालाच्या घशात गेली. दुसऱ्या वर्षी त्या देशाचंच गाडं घसरलं. सकाळी घेतलेल्या पावाला संध्याकाळी वेगळा भाव. बँकांनी देशाबाहेर पैसे पाठवणं बंद केलं. पगार हातात, पण घरी पोचवायचा कसा? तेव्हा दवाखान्यात औषधं देणाऱ्या एका बाईने तिला क्रिप्टोची, म्हणजे इंटरनेटवरच्या नाण्यांची, वाट दाखवली. लेकीने आधी घेतलं ते गाजलेलं नाणं, ज्याचं नाव सगळ्यांच्या तोंडी असतं. आठ दिवसांत एक तृतीयांश रक्कम पाण्यात. दोन दिवस बिचारी जेवली नाही. मग त्याच बाईने तिला दुसरं नाणं सांगितलं, डॉलरच्या भावाला बांधलेलं, वरही उडत नाही आणि खालीही आपटत नाही.

ते पहिल्यांदा घड्याळजींच्या फोनवर आलं तेव्हा समोरचा चहा निवलाही नव्हता. लेकीने तिकडे बटण दाबलं आणि इकडे आकडा उमटला. पाठवायचा खर्च एका चहापेक्षा कमी.

"हा हवेतला पैसा आहे," कॅशियरसाहेब म्हणाले. बँकेत छत्तीस वर्षं नोटा मोजलेला माणूस, त्याला दुसरं काय वाटणार! "याच्यामागे कोण आहे? तक्रार करायची तर कुठल्या खिडकीशी जायचं? अर्धी दुनिया यात बुडाली आणि उरलेली बुडवतेय. आणि लोक याला यश म्हणतात!"

"साहेब, तुमची खिडकी तिकडे बंद आहे. माझ्या पोरीचा पगार या हवेतून आला. मी हवेचे आभार मानतो."

आणि खरंच मानले. थोडी नाणी मोडून त्यांनी रोख हातात घेतली, भिंगरीला शाळेचे बूट घेतले, आणि घरी येऊन बायकोला म्हणाले, "ज्याने कुणी हे क्रिप्टो काढलं त्याचं भलं होवो." बायको म्हणाली, "कोण तो?" घड्याळजी म्हणाले, "ते कुणालाच ठाऊक नाही म्हणे." बायको म्हणाली, "मग नुसतंच भलं होवो."

लेकीने तिकडे स्वतःजवळ काही ठेवलं नाही. तिच्या वस्तीत फोन हिसकावून नेतात. सगळी बचत वडिलांच्या फोनवर. नाणी ठेवायचं फोनमधलं पाकीट उघडताना फोनने बारा इंग्रजी शब्द दाखवले. लेक बजावत होती, "बाबा, फोन गेला तरी चालेल, नव्या फोनमध्ये हे बारा शब्द घातले की पैसे परत दिसतात. पण हे शब्द गेले तर सगळं गेलं. आणि दुसऱ्याला मिळाले तर सगळं त्याचं. कागदावर नको, फोटो नको. कुणाला सांगू नका. मलासुद्धा."

आता दुसऱ्या कुणी काय केलं असतं? कपाटात ठेवले असते. घड्याळजींनी काय केलं? खालच्या खणातलं सहा वर्षं पडून असलेलं एक घड्याळ काढलं. सोनेरी कडा, वाळलेला तपकिरी पट्टा. झाकण उघडून बाराच्या बारा शब्द त्याच्या आत सुईने कोरले, भिंगाशिवाय दिसणार नाहीत एवढे बारीक. खाली सवयीने आपली खूण आणि तारीख टाकली, झाकण दाबलं, घड्याळ परत खणात. त्या खणाला कधी कुणाचा हात लागत नाही. स्वतःच्या हुशारीवर ते इतके खूश झाले की त्या दिवशी त्यांनी कॅशियरसाहेबांना दोनदा चहा पाजला आणि कारण सांगितलं नाही. बायकोलाही नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

तीन वर्षं अशी गेली. लेकीची नोकरी संपत आली. दवाखान्याने नवा कागद पुढे केला, आणखी तीन वर्षांचा, आणि शनिवारपर्यंत उत्तर मागितलं. लेकीचं ठरलं होतं, नाही म्हणायचं. साठलेल्या पैशांत तिकीट निघत होतं, वर दीड-दोन वर्षांचं घर चालत होतं, तोवर इथे नोकरी मिळालीच असती. भिंगरीने दप्तराच्या आतल्या कप्प्यात 'आई येणार' असं लिहून ठेवलं होतं, कुणी चिडवू नये म्हणून आत.

आणि सोमवारी दुकान बंद करताना घड्याळजींनी फोन पायरीवर ठेवला आणि त्याच्यावर शटर ओढलं.

फोन दुरुस्त करणाऱ्या मुलीने तो उलटसुलट करून बघितला. "आजोबा, याचे दिवस भरले. नवा घ्या."

नवा घेतला. त्यात पाकिटाचं चित्र आलं आणि त्याखाली बारा रिकाम्या चौकटी. घड्याळजी हसत हसत दुकानात आले, खालचा खण ओढला आणि मोजलं. तीस. परत मोजलं. तीसच.

"अगं, सोनेरी कडेचं घड्याळ कुठे गेलं?"

"ते? नेलं की त्या बाईने!" बायको त्यांच्या जेवणाच्या वेळेला दुकानात बसते. "दोन आठवडे झाले. नऊ वर्षांपूर्वीची पावती, पार पिवळी पडलेली. वडिलांचं घड्याळ म्हणत होती. किल्ली दिली तर चालू झालं. रडली हो बिचारी. मी काही विचारलं नाही. तुमचाच नियम ना?"

घड्याळजींनी तिला सगळं सांगितलं, तीन वर्षांनी. तिने फक्त पदराने तोंड पुसलं. आरडाओरडा केला असता तर त्यांना बरं वाटलं असतं.

वही उघडली. पण वहीत माणसाचं नाव असेल तर ती घड्याळजींची वही कसली! 'सोनेरी कडा, तपकिरी पट्टा, काच बरी.' बस. बाई कोण, राहते कुठे, काही नाही. "दिसायला कशी होती?" "चार बायकांसारखी. उंच. घाईत होती."

बुधवारी सकाळी घड्याळजींनी दुकानाला कुलूप लावलं आणि बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा कामाच्या दिवशी रस्त्यावर उतरले. बसथांब्यावर उभे राहिले. भाजीबाजारात फिरले. दवाखान्याच्या फाटकाशी, शाळा सुटताना, बँकेच्या रांगेत. बघायचं काय, तर बायकांची डावी मनगटं. आता सत्तरीकडे झुकलेला माणूस दिवसभर बायकांचे हात न्याहाळतोय म्हटल्यावर लोक काय म्हणणार? एका बाईने "लाज वाटत नाही का?" असं विचारलंच. घड्याळजी म्हणाले, "वाटते हो, फार वाटते," आणि त्यांचा चेहरा बघून ती बाईच वरमली. बुधवार गेला. गुरुवार गेला.

गुरुवारी लेकीचा फोन बायकोच्या फोनवर आला. "बाबा, उद्या सांगून टाकू ना त्यांना, सही करत नाही म्हणून?"

"शनिवारपर्यंत मुदत आहे ना? मग थांब एक दिवस."

"का हो? काही झालंय का?"

"नाही गं. वेळ हातात असेल तर घाई का करायची?" आयुष्यात ते लेकीशी पहिल्यांदा खोटं बोलले आणि फोन ठेवून न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसले. भिंगरी बाहेरून दार वाजवत होती, "आजोबा, पाणी वाया जातंय!"

कॅशियरसाहेबांनाही सांगावं लागलं. वाटलं होतं, आता 'मी म्हणत नव्हतो?' ऐकावं लागणार. पण साहेब म्हणाले, "माझ्या ठेवीतलं थोडं मोडतो. तिकिटापुरतं होईल." घड्याळजींनी त्यांचा हात धरला. पण नुसत्या तिकिटाने काय होणार? घर कशावर चालणार? लेकीला हे कळलं असतं तर तिने मुकाट्याने सही केली असती. भिंगरी दहा वर्षांची होईपर्यंत आई फोनमध्येच.

शुक्रवारी फिरायचं बळ उरलं नव्हतं. घड्याळजींनी दुकान उघडलं आणि नुसते बसून राहिले. बाराच्या सुमाराला समोर एक माणूस उभा राहिला. मनगटावर घड्याळच नाही, त्यामुळे ओळखायला क्षणभर लागला. मग ओळखला आणि त्यांचं तोंड कडू झालं.

तो धाकटा घड्याळजी. नातं काही नाही. पलीकडच्या गल्लीत त्याचंही दुकान, म्हणून गावाने आपल्या घड्याळजींना थोरला म्हटलं आणि त्याला धाकटा. पंधरा वर्षांपूर्वी त्याच्याकडून आलेलं एक भारी घड्याळ थोरल्यांनी उघडलं, तर आतलं एक चाक दुसऱ्याच कंपनीचं निघालं. थोरल्यांनी विचारलं नाही, सवरलं नाही, उचलली जीभ लावली टाळ्याला. "धाकट्याकडे देऊ नका, आतला माल बदलतो," हे त्या दिवसापासून प्रत्येक गिऱ्हाइकाला. पंधरा वर्षं! धाकट्याचं दुकान चाललं ते पट्टे आणि सेल विकून. उघडायला त्याच्याकडे कुणी घड्याळ देईना.

धाकट्याने खिशातून रुमाल काढला, टेबलावर ठेवला, उलगडला. आत सोनेरी कडेचं घड्याळ. पट्टा नवा.

घड्याळजींनी झाकणाच्या कडेवरून बोट फिरवलं.

"काल एक बाई आली," धाकटा उभ्यानेच बोलत होता. "घड्याळ मागे पडतं म्हणाली. आधी तुमच्याकडेच आली होती, पण दोन दिवस तुमचं दुकान बंद. म्हणून माझ्याकडे आली."

म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा! थोरले तिकडे बायकांची मनगटं तपासत फिरत होते आणि ती इथे कुलपाशी उभी होती.

"उघडलं," धाकटा म्हणाला. "खूण तुमची दिसली. वर बारा शब्द. माझ्या मेव्हण्याने या नाण्यांत घर घालवलंय, त्यामुळे बारा शब्द म्हणजे काय ते मला कळतं. बाईंना म्हटलं, उद्या या."

"तुम्ही... ते शब्द..."

"फोनमध्ये घातले की नाही, हेच विचारायचंय ना? नाही घातले. पण मोह झाला नाही असं म्हणणार नाही. दुपारी जेवायला घरी गेलो नाही. दोन तास ते झाकण समोर ठेवून बसलो होतो. मुलीची फी थकलीय माझ्या. कुणाला कळलंही नसतं." "मग वाटलं, घेतले तर तुम्ही पंधरा वर्षं जे सांगत आलात ते खरं होईल. ते मला नको होतं."

बाहेर कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. घड्याळजींनी चहा सांगितला.

"आणि ते चाक," धाकटा जाता जाता म्हणाला, "माझ्याकडे आलं तेव्हाच बदललेलं होतं. आधी उघडणाऱ्याची खूण मी तपासली होती. तुम्ही विचारलं असतं तर दाखवली असती." आणि गेला. चहासुद्धा घेतला नाही.

अक्षरं भिंगाशिवाय दिसत नव्हती, म्हणून बारा शब्द वाचले घड्याळजींनी आणि फोनमध्ये घातले कॅशियरसाहेबांनी, एका बोटाने, प्रत्येक शब्द दोनदा तपासून, चेक वटवल्यासारखे. आकडा उमटला. सगळा होता. साहेबांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "हवा फार आहे तुमच्या दुकानात, डोळ्यांत जाते."

लेकीने शनिवारी सकाळी नाही सांगितलं. त्याआधी बापाकडून सगळी हकीगत ऐकली, पाच मिनिटं रागावली, पाच मिनिटं हसली, आणि सगळी रक्कम दुसऱ्या पाकिटात हलवून झाकणावरचे शब्द निकामी करून टाकले. घड्याळ ज्या बाईचं होतं ती दवाखान्यात रक्त तपासायचं काम करते; धाकट्याने तिला इकडेच पाठवलं. घड्याळजींनी तिला खरं सांगितलं, झाकण उघडून भिंगातून दाखवलं. "राहू दे की तसंच," बाई म्हणाली. "वडिलांना आवडलं असतं." यंत्र साफ करून तेलपाणी केल्याचे त्यांनी पैसे घेतले नाहीत.

तीन आठवड्यांनी लेक आली. विमानतळावर भिंगरी आजीच्या मागे लपली, मग हळूच पुढे होऊन तिने आईची बाही चाचपली, खांदा चाचपला, आणि म्हणाली, "तू एवढी मोठी आहेस?" लेक तिथेच फरशीवर बसली. घड्याळजींनी तेव्हा कुणाकुणाचे आभार मानले ते त्यांनाच ठाऊक. औषधं देणारी बाई, पिवळी पावती जपणारी बाई, क्रिप्टो काढणारा अनामिक माणूस, अगदी शटरसुद्धा.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता कॅशियरसाहेब खुर्चीवर हजर. "मग आता सांगा. ते तुमचं क्रिप्टो यशस्वी म्हणायचं की नाही?"

"काठावर पास," घड्याळजी म्हणाले. "बँकेला कुलूप होतं तेव्हा त्याने माझ्या लेकीचा घाम घरी आणला. त्याचे उपकार मी विसरणार नाही. पण ते म्हणतं, कुणावर विश्वास ठेवायची गरजच नाही. साहेब, त्या दोन तासांत माझं सगळं एका माणसाच्या हातात होतं आणि ते वाचवायला तुमची बँक नव्हती, ते नाणंही नव्हतं."

"मग त्या माणसाला भेटलात का?"

तीन आठवडे घड्याळजी गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत येत होते. आभार मानायला त्यांना काहीच वाटलं नसतं. आभारांच्या आधी जे बोलावं लागणार होतं ते जड होतं.

त्यांनी शटर ओढलं, फोन खिशात असल्याची खात्री केली, लेकीला आणि भिंगरीला बरोबर घेतलं आणि गेले. धाकट्याच्या दुकानात चार-पाच गिऱ्हाइकं होती, पट्ट्याची, सेलची. धाकटा डोळ्याला भिंग लावून एका पट्ट्याची पिन बसवत होता. त्याने मान वर केली नाही.

"मंडळी, जरा ऐका," घड्याळजी मोठ्याने म्हणाले. आवाज चिरकला, त्यांनी परत सुरुवात केली. "पंधरा वर्षं मी या माणसाला चोर म्हणत आलोय. तुमच्यापैकी काही जणांनाही म्हटलं असेल. ते खोटं होतं. मी न विचारता बोललो. माझी ही लेक आज घरी आहे ती याच्या सचोटीमुळे. याच्याकडे डोळे मिटून घड्याळ द्या. माझं बिघडलं तर मी इथेच आणणार आहे."

धाकट्याच्या हातातली पिन खाली पडली आणि ती त्याने शोधली नाही. त्याने डोळ्यावरचं भिंग काढलं, सदऱ्याला पुसलं, परत पुसलं. मग आतल्या दाराकडे बघून म्हणाला,

"पुन्हा एकदा सांगता का? माझी बायको आत आहे. तिला ऐकू गेलं नसेल."